रोडगे खाल्लेली हरणी

मार्गशीर्षातली सकाळ होती. मीठा तलावावर धुकं असं बसलं होतं, की पलीकडची टेकडी आहे की रात्रीतून कुणी उचलून नेली, असं वाटावं. वरच्या देवळातल्या घंटेचा आवाज तेवढा खाली येई. रात्रभर दव गळून शिकारखान्याच्या अंगणातली काळी माती चिकट झाली होती. जोडे घालून चालावं तर माती जोडाच काढून घ्यायची. म्हणून खंडोजी अनवाणी. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, मुंडाशावरून घोंगडीची खोळ ओढलेली, आणि चुलाण्यापुढे उकिडवं बसून मोठ्या पातेल्यातल्या ज्वारीच्या कण्या ढवळायचं काम चाललेलं.

कण्या शिजत आल्या की त्यात ताक घालायचं, निवू द्यायचं, मग एकेका कुत्र्यापुढे कुंडं सरकवायचं. घाई केली तर कुत्र्याचं तोंड भाजतं, आणि तोंड भाजलेलं कुत्रं दोन दिवस माणसाकडे संशयानं बघतं. हे त्याला बापानं सांगितलं होतं, बापाला आजानं. त्यांचा मूळपुरुष म्हणे कुणा सरदाराच्या घोड्यामागे कुत्र्यांच्या दोऱ्या धरून दक्षिणेतून चालत माळव्यात आला. सरदाराला गाव मिळालं, घोड्याला पागा मिळाली, याच्या हातातल्या दोऱ्या हातातच राहिल्या. खंडोजी हे हसत सांगायचा. त्याला त्याची खंत नव्हती.

ही गोष्ट एकोणीसशे आठ-नऊ सालची. देवासात तेव्हा एकाच गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या कडेची घरं एका राज्याची, त्या कडेची दुसऱ्याची. खंडोजी थोरल्या पातीच्या शिकारखान्यात कामाला. त्याची गल्ली नेमकी शिवेवर. समोरच्या घरी विस्तव मागायला जायचं तरी परमुलखात जावं लागे, असं गल्लीतले लोक म्हणत आणि विस्तव घेऊन येत.

सगळी कुत्री जेवली, तरी कोपऱ्यातली हरणी उभीच होती. तिच्यापुढे कुंडं नव्हतं. तिला खंडोजी हातानं भरवायचा, आणि त्याच्या हाताशिवाय तिनं कुणाच्या हातचा तुकडा खायचा नाही असा त्याचा नेम होता. कारवानी जातीची लांब पायांची कुत्री, वाळल्या गवताच्या रंगाची. पोट इतकं आत, की तळाशी मूठभर पीठ उरलेल्या पोत्यासारखी दिसे. पळायला लागली की मात्र बघणाऱ्याची मान वळेतो दिसेनाशी व्हायची.

तिच्यात खोट एकच. पळाली की परत यायची नाही.

बाकी सगळं तिला येत होतं. दोरीला ओढ न देता चालणं, बैस म्हटलं की बसणं, घोड्याच्या पायात न जाणं. खंडोजीनं तिला पिल्लू असल्यापासून लांब दोरीवर हाकेचं शिकवलं होतं. "हरणे, ये" म्हणायचं, दोरी ओढायची, आली की तूप लावलेला भाकरीचा तुकडा. दोरी असेतो कुत्री सोन्यासारखी. दोरी सुटली आणि पुढे ससा दिसला, की तिचे कान नुसते शोभेला उरत.

आणि धार-देवासची शर्यत तर नेमकी परत येण्याची होती. नुसतं पळवायचं असतं तर हरणीपुढे धारचं एक कुत्रं टिकलं नसतं. पण जुन्या शिकाऱ्यांनी रीत घालून दिली होती ती अशी: दरवर्षी चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी, एका वर्षी धारला, एका वर्षी देवासला, राखीव गवताच्या बिडात हाकारे ससा उठवणार. एक वेळेला एकच कुत्रं सोडायचं. ससा खुणेच्या बाभळीपाशी पोचला, की पंच हातातलं तांबडं फडकं खाली टाकणार आणि तोंडात विडा घालणार. फडकं पडलं की कुत्र्याच्या मालकानं हाक मारायची. पंचानं विडा चावून थुंकायच्या आत कुत्र्यानं ससा सोडून मालकाच्या पायाशी आलं पाहिजे. जे लवकर येईल त्याच्या गळ्यात शेला, आणि वर्षभर त्या गावाची मान ताठ.

गेल्या वर्षी धारला हरणी सुटली ती गेलीच. पंचानं विडा थुंकला, दुसरा लावला, तो थुंकला, लोक घरी गेले. हरणी दुसऱ्या दिवशी दुपारी तीन गावं पलीकडे एका विहिरीपाशी सापडली, जीभ बाहेर आणि शेपूट हलवत. तेव्हापासून धारचा माणूस देवासच्या माणसाला भेटला, की रामराम घालायच्या आधी विचारी, "काय भिया, आली का कुत्री घरी?" खंडोजीची लेक सुमंगला धारकडच्या राजगढला दिलेली. तिचा सासरा तिला रोज जेवायला बसताना तेच विचारायचा. बिचारी भाकरी वाढता वाढता म्हणायची, "आली हो मामंजी, तेव्हाच आली."

टोमण्यांचं काही नव्हतं. ते खंडोजी गिळून टाकी. पण पंधरवड्यापूर्वी शिकारखान्याचे दारोगा मानसिंगराव चुलाण्यापाशी येऊन उभे राहिले होते. एरवी मिशा कुरवाळत बोलणारे, त्या दिवशी मिशांना हात न लावता बोलले, म्हणजे गोष्ट खरी होती.

"खंडोजी, सतवासकडच्या रानातले ठाकूर कुत्रं मागतायत. रानडुकरावर सोडायला."

"त्यांना आपलं ते काळं देऊ साहेब. आडदांड आहे."

"काळं कामाचं आहे. या वेळी तुझी हरणी हाकेला आली तर राहील. नाही आली तर ठाकुरांचा माणूस तिथंच बिडात उभा असेल. दोरी त्याच्या हातात द्यायची."

खंडोजीनं पातेल्यातला पळा तसाच धरून ठेवला होता. सतवासच्या रानात डुकरावर सोडलेलं कुत्रं म्हातारं झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. काळ्यासारखी जाड मानेची कुत्री निदान झोंबतात तरी. हरणीचं पोट डुकराच्या एका सुळ्याला पुरलं नसतं.

तेव्हापासून त्यानं तिला घरी नेऊन ठेवली. आपल्या आवाजापासून ती क्षणभर लांब नको, असा विचार. सकाळी शिकारखान्यात बरोबर आणायची, संध्याकाळी बरोबर न्यायची. झोपेतसुद्धा तो "हरणे, ये" म्हणतो, असं बायको मालन शेजारणींना सांगे.

आजची सकाळ चंपाषष्ठीची. शर्यत उद्या, आणि या वर्षी देवासला. शर्यतीच्या आदल्या दिवशी कुत्र्याला सकाळी अर्धं पोट द्यायचं आणि मग काही नाही, ही रीत. खंडोजीनं हरणीला दोन घास भरवले, पंजे तपासले, कानातली गोचीड काढली, आणि तिला घरी सोडायला निघाला. मानसिंगरावांनी त्याला बीड बघायला बोलावलं होतं. बाभळीची खूण, हाकाऱ्यांच्या जागा, सगळं आजच ठरायचं होतं.

दारात मालन सडा घालत होती. घरातून वांगी भाजल्याचा वास येत होता.

"हिला काही द्यायचं नाही," खंडोजी म्हणाला. "पाणी सोडून काही नाही."

"बरं," मालन म्हणाली.

तो गेला. आणि तिथंच घोटाळा झाला.

कारण घरोघर तो दिवस खंडोबाचा. मराठ्यांच्या गल्लीत चातुर्मासभर वांगं-कांदा वर्ज्य केलेला, तो आज सुटायचा. वांग्याचं भरीत, पातीचा कांदा, आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले गव्हाचे टणक रोडगे. ताम्हनात भंडारा-खोबरं ठेवून सगळ्यांनी मिळून तळी उचलायची, येळकोट करायचा, आणि माणसाच्या तोंडात घास जायच्या आधी कुत्र्याला रोडगा घालायचा. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रं असतं, त्याचा मान पहिला. त्या दिवशी गल्लीतलं खरजुलं कुत्रंसुद्धा कुणी हाड म्हणत नाही. एरवी खंडोजी दर षष्ठीला शिकारखान्याच्या कुत्र्यांना आत कोंडून कडी घालायचा. त्यामुळे हरणीला हा दिवस माहीतच नव्हता. आणि खंडोजीला, डोक्यात बाभूळ आणि ससा असल्यामुळे, या वर्षी कुत्री घरी आहे हे माहीत असून सुचलं नव्हतं.

दिवस कलला तेव्हा तो परत आला. गल्लीच्या तोंडाशी कुसुमावतीबाई भेटल्या. पलीकडच्या, म्हणजे धाकट्या पातीतल्या.

"जिंकतेय हो उद्या तुमची," त्या समाधानानं म्हणाल्या. "आमच्याकडे पण येऊन जेवून गेली."

खंडोजीचे पाय तिथंच थांबले. मग भरभर निघाले.

हरणी ओसरीवर आडवी पडली होती. तिच्या कपाळाला भंडारा फासलेला, कानामागे भंडारा, नाकालाही थोडा लागलेला. पोट ढोलकीसारखं. धन्याला बघून तिनं शेपूट हलवलं, तेही अर्धंच.

"काय खाल्लंय हिनं?"

"प्रसाद," आतून मालन म्हणाली.

"किती?"

"प्रसाद मोजून देतात होय?"

"मी सांगून गेलो होतो, काही द्यायचं नाही म्हणून."

मालन हात पुसत बाहेर आली. "माणसांनी द्यायचं नाही, असं मी धरलं. देवाच्या दिवशी देवाच्या कुत्र्याला नाही म्हणायचं, असं तुम्ही म्हणाल हे माझ्या मनात तरी कसं यावं? तुमचं नाव काय ठेवलंय आईबापांनी, ते तरी आठवा."

 खंडोजीनं खाली बसून हरणीच्या पोटाला हात लावला. टणक. आत रोडग्याचे तुकडे जणू बोटांना लागत होते.

"कांदा पण खाल्ला?"

"भरीत तिला नाही घालू दिलं मी. एवढं कळतं मला. नुसते रोडगे. पहिल्या घरी मीच दोरी धरून नेली. ओढत न्यावी लागली, तुमच्या हाताशिवाय खाईना. तळी उचलली, येळकोट झाला, आणि त्या घरच्या म्हातारीनं रोडग्याला तूप लावून असा नाकाशी धरला, की हिचा नेमच मोडला. दुसऱ्या घरी तेच. मग मला दोरी धरायची गरजच राहिली नाही बघा. कुठं येळकोट झाला की बाई तिकडं हजर. या पातीत जेवली आणि त्या पातीत जाऊन ढेकर दिला. सगळी गल्ली म्हणतेय, उद्या धारशी पळायचंय, हिला कमी पडायला नको."

ती सांगता सांगता हसत होती. मग नवऱ्याचं तोंड बघून हसू गेलं.

"जड झाली का हो फार?"

"उद्या उठली तरी पुष्कळ."

मालन त्याच्या शेजारी बसली. 

"तुम्ही तिला हाका मारून मारून शिकवता," ती हळू म्हणाली. "मला ते येत नाही. त्या सतवासच्या माणसाच्या हातात दोरी जायला नको, एवढंच मला पाहिजे होतं. देवाला तिचा भाग देणं माझ्या हातात होतं, ते मी केलं."

 खंडोजीनं ओव्याचं पाणी करून घेतलं, हरणीचं तोंड धरून पाजलं, आणि अंधार पडेतो तिला तलावाच्या काठानं फिरवून आणलं. ती थोडं चालायची, बसायची, ढेकर द्यायची. येणारे-जाणारे तिच्या कपाळाचा भंडारा बघून हात जोडत होते.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तेव्हा धुकं फिटलं आणि बीड सोन्यासारखं पिवळं दिसायला लागलं. देवासच्या दोन्ही पातींतले लोक एका बाजूला उभे होते. एरवी न्हावीसुद्धा वेगवेगळ्या पातीचा लागणारे, पण धार समोर आलं की दोन्ही पाती एक. धारचे लोक गाड्या जोडून आदल्या दिवशीच आलेले. त्यांनीही षष्ठी वाटेतच मुक्कामाला केलेली, काहींच्या कपाळांना अजून भंडारा होता.

पंच नीलकंठराव. पेन्शनीतले कारभारी. घर देवासात आणि लेक धारला दिलेली, म्हणून दोन्ही बाजूंना मान्य. आणि त्याच कारणानं दोन्हीकडून शिव्या खाणारे. ते छत्री उघडून खुर्चीवर बसले होते, मांडीवर पानाचा डबा. विडा कुणासाठी भरभर चावतात आणि कुणासाठी सावकाश, यावर गेली कित्येक वर्षं वाद चालू होता.

झाडाखाली एक दाढीवाला माणूस हातात रिकामी दोरी घेऊन उभा होता. सतवासचा. खंडोजीनं एकदा बघितलं आणि परत तिकडे बघितलं नाही.

धारच्या शिकारखान्याचा हंबीरराव आपल्या सुलतानला घेऊन पुढे आला. माणूस दांडगा, आवाज त्याहून दांडगा. हरणीला बघून तो थबकला.

"काय खंडोजीराव, गाभण आहे काय?"

धारकडची माणसं हसली.

"जेवलीय," खंडोजी म्हणाला.

"बरं केलंत. लांबच्या प्रवासाला शिदोरी लागतेच."

आता देवासकडचेही काही हसले. हाकाऱ्यांतला एक माळवी म्हातारा हरणीभोवती फिरून आला आणि डोकं हलवत म्हणाला, "आज तो बाईजी घणा जीम्या दीखे." म्हणजे बाई आज फार जेवलेल्या दिसतात.

सुलतान आधी सुटला. ससा उठला, कुत्रं बाणासारखं गेलं, फडकं पडलं, हंबीररावानं तोंडापुढे हात धरून एकच हाक दिली. सुलतान जागीच वळला आणि परत आला. नीलकंठरावांच्या तोंडात विड्याचा अजून कुरुम कुरुम आवाज येत होता. धारच्या लोकांनी पागोटी उडवली. मानसिंगरावसुद्धा म्हणाले, "वा." खोटं कशाला बोला, कुत्रं होतंच तसं.

मग खंडोजी पुढे झाला. त्यानं हरणीच्या गळ्यातली दोरी सैल केली. तिच्या अंगाला नेहमी सुटणारं कापरं आज नव्हतं. ती जांभई देत होती. पळणारच नाही, असं त्याला वाटलं. आणि पळाली नाही तर परत आली असं धरतात का, हे विचारावं असंही मनात येऊन गेलं.

हाकाऱ्यांनी आरोळी दिली. गवतातून ससा उठला.

जांभई अर्धी राहिली. हरणी गेली. पण काल-परवाची हरणी नव्हे. पोट डावी-उजवीकडे हलत होतं, मागचे पाय उशिरा उचलत होते. धारकडून शिट्ट्या सुरू झाल्या. गेल्या वर्षी फडकं पडेतो ती दिसेनाशी झाली होती. आज ससा बाभळीपाशी पोचत आला तेव्हा ती त्याच्या चांगली मागे होती. तरी ती थांबली नव्हती. जात आपली सुटत नाही, तशी ती धापा टाकत जातच होती.

फडकं पडलं. नीलकंठरावांनी विडा तोंडात घातला.

"हरणे, ये," खंडोजी ओरडला.

कानसुद्धा हलला नाही.

"हरणे, ये. ये गं, ये."

ती पुढे. त्याचा आवाज फाटला. पंधरवडाभर हाका मारून घसा बसलाच होता. तिसरी हाक तर त्याला स्वतःलाही नीट ऐकू आली नाही. झाडाखालच्या दाढीवाल्यानं दोरीचा एक वेढा हातावर घेतला. खंडोजीला तो न बघताच दिसला.

आणि मग काल ओसरीवर मालन हसत हसत बोलली ते त्याच्या डोक्यात आलं. कुठं येळकोट झाला की बाई तिकडं हजर.

क्षणभर तो अडखळला. देवाच्या नावानं कुत्रं बोलवायचं? बाप असता तर थोबाडीत मारली असती. पण देवाजवळही कुत्रं आहेच, आणि देव त्याला कधी ना कधी बोलावत असणार. पुढचा विचार करायला विड्यात वेळ नव्हता. त्यानं दोन्ही हात वर केले आणि छातीत होता नव्हता तेवढा वारा काढून ओरडला,

"येळकोट येळकोट—"

आता इथं एक गोष्ट अशी, की मराठ्याच्या पोराला अर्धा येळकोट ऐकवत नाही. झोपेत असो, तापात असो, पुढचा अर्धा तोंडातून आपोआप येतो. देवासच्या दोन्ही पातींची माणसं एका दमात ओरडली, "जय मल्हार." धारची माणसंही ओरडली. कालचाच भंडारा कपाळाला, विचार करायला वेळ कुणाला होता? आणि सगळ्यांत वर आवाज हंबीररावाचा, सगळं बीड दणाणून सोडणारा. बोलून झाल्यावर त्यानं चपापून तोंडावर हात ठेवला.

पलीकडे हरणी उभी राहिली होती.

तिनं मान वळवली. ससा पुढे चालला होता, आणि मागं येळकोट झाला होता. कुठंतरी रोडगा आहे, तुपाचा. पोटात जागा नाही, पण बोलावणं तर आलंय. ती वळली, आणि पाहुण्याच्या घरी दुसऱ्या पंगतीला निघालेल्या बाईसारखी डुलत डुलत यायला लागली.

"येळकोट येळकोट," खंडोजी परत ओरडला, आणि परत सगळ्या बिडानं उत्तर दिलं. या वेळी धारच्या लोकांनी दात आवळून धरले होते. तरी चार-दोघांच्या तोंडून सुटलंच.

नीलकंठरावांच्या गालाचा फुगा झाला होता. विडा केव्हाच संपला होता, रस तोंडात साठला होता, आणि ते थुंकत नव्हते. हंबीरराव त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "पंच, विडा झालाय तुमचा." नीलकंठरावांनी मान हलवली, जरा थांब म्हणून हात केला, आणि गाल एकदा इकडे एकदा तिकडे फिरवला. चावायला काही उरलेलं नव्हतं, पण चावणं चालू होतं.

हरणी आली. खंडोजीच्या पायाशी येऊन तिनं त्याच्या तळहातावर नाक ठेवलं, आणि रोडगा कुठं आहे म्हणून वर बघितलं. त्यानं कमरेच्या फडक्यातून भाकरीचा तुकडा काढला. तिनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. मग तिथंच काळ्या मातीत आडवी झाली.

नीलकंठराव थुंकले. लांब, तांबडी पिचकारी.

"हे चालायचं नाही," हंबीरराव म्हणाला. "मालकानं हाक मारायची, असं ठरलंय. इथं सगळ्या रानानं हाक मारली."

"सगळ्या रानात तुम्ही पण होता ना हंबीरराव?" नीलकंठराव रुमालानं तोंड पुसत म्हणाले. "तुमचाच आवाज मला जास्त ऐकू आला. का हो, हाक मारली म्हणता, का देवाचं नाव घेतलं म्हणता?"

हंबीररावाला दोन्हींतलं एकही कबूल करता येईना. तो हरणीकडे बघत राहिला आणि शेवटी त्यालाच हसू फुटलं. मग आजूबाजूचे हसले, मग सगळेच.

शेला सुलतानच्या गळ्यात पडला. त्यात कुणाला काही म्हणायचं नव्हतं. तो लवकर परत आला होता. देवास हरलं, पण असं हरणं कुणाला झोंबलं नाही. आता धारचा माणूस भेटला तर कुत्री आली का घरी, असं विचारायची सोय उरली नव्हती. विचारलंच तर, कुणाच्या हाकेनं आली तेही सांगता आलं असतं.

मानसिंगराव झाडाखालच्या दाढीवाल्याकडे गेले. खंडोजीला शब्द ऐकू आले नाहीत. त्यानं एवढंच पाहिलं, की त्या माणसानं हातावरचा दोरीचा वेढा सोडला, दोरी गुंडाळली आणि पडशीत टाकली. तेव्हा खंडोजी हरणीशेजारी मातीत बसला. मानसिंगराव परत येताना त्याच्यापाशी थांबले. आता मिशांवर हात होता.

"ठाकुरांना सांगितलं, दुसरं काही बघा. पण काय रे, पुढच्या वर्षी काय करणार? दर शिकारीला तुझ्याबरोबर देवाची तळी न्यायची का?"

"'हरणे, ये' शिकवीन साहेब."

"ते तर तू चार वर्षं शिकवतोयस."

"आता रोडग्यावर शिकवतो," खंडोजी म्हणाला. "माझी भाकरीच चुकत होती."

घरी परतताना हरणी चालेना, म्हणून त्यानं तिला खांद्यावर घेतली. मानेभोवती पुढचे पाय एकीकडे, मागचे पाय एकीकडे. गल्लीच्या तोंडाशी मालन उभी होती. रिकामी दोरी नवऱ्याच्या हातात आणि कुत्री नवऱ्याच्या खांद्यावर, एवढं बघून तिनं पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. तो ओसरीवर चढला तेव्हा ती भंडाऱ्याची वाटी घेऊन बाहेर आली होती. तिनं हरणीच्या कपाळाला बोट टेकवलं, मग नवऱ्याच्याही.

"राजगढला निरोप धाडते," ती म्हणाली. "सुमंगलाला म्हणावं, मामंजींनी विचारलं तर पोट भरून सांग."

"शेला धारला गेला, हे पण सांग."

"ते त्यांना त्यांची माणसं सांगतील. आपण आपलं सांगावं."

खंडोजी हसला. दोन दिवसांत पहिल्यांदा. तलावावरून गार वारा यायला लागला होता आणि शिकारखान्याकडून बाकीच्या कुत्र्यांचं भुंकणं सुरू झालं होतं. संध्याकाळची वेळ टळत होती आणि कुंडी रिकामी होती. त्यानं घोंगडी उचलली. हरणी पाठोपाठ निघाली. दोरी नव्हती, हाकही मारली नव्हती.

चुलाण्यात सकाळची राख होती. ती त्यानं बाजूला ओढली, गोवऱ्या रचल्या, फुंकणीनं जाळ धरवला आणि पातेलं चढवलं. पाण्याला आधण यायला वेळ होता. तोवर हरणीचं डोकं मांडीवर घेऊन तो तिच्या कानांतली बिडातली कुसळं एकेक करून काढत बसला. पाणी उकळलं तसा उठला, कण्यांनी भरलेलं सूप आणलं, आणि एका हातानं कण्या सोडत दुसऱ्या हातानं पळा फिरवायला लागला, गाठी होऊ नयेत म्हणून.